फोनला कान कळतो, मग मशीनला हात का कळत नाही?

मध्यंतरी काकांचा नवा फोन सेट करून देत होतो. भाषा मराठी, वायफाय, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, सगळं झालं. मग फिंगरप्रिंटची स्क्रीन आली. "काका, उजव्या हाताचं बोट ठेवा," असं बोलून गेलो आणि लगेच जीभ चावली. काकांनी काही न बोलता डावा अंगठा पुढे केला.

काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं भोसरीतल्या एका प्रेस शॉपमध्ये गेली. मी तेव्हा सातवीत होतो. पत्र्याचे छोटे ब्रॅकेट कापायचं काम, रात्रपाळी, टार्गेट पूर्ण करायची घाई. डायमध्ये अडकलेला तुकडा काढायला हात आत गेला आणि वरून रॅम खाली आला. कागदावर कारण लिहिलं गेलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'.

फोन सेट झाल्यावर मी टेस्ट कॉल केला. काकांनी फोन कानाला लावला, स्क्रीन बंद झाली. कानापासून काढला, पुन्हा चालू. दोन-तीनदा त्यांनी तेच करून पाहिलं. "हे आपोआप कसं होतं रे?"

मी सांगितलं, वर एक बारीकसा प्रॉक्सिमिटी सेन्सर असतो. तो डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. समोर कान किंवा गाल आला की प्रकाश परत फिरतो आणि फोनला समजतं की माणूस जवळ आहे.

"केवढ्याला असतो तो?"

"एकदम स्वस्त असतो काका."

त्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि हाताकडे बघत बसले. मी विषय बदलला. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. आपल्या खिशातल्या फोनला माणसाचा कान ओळखता येतो, आणि कित्येक टनांचा दाब देणाऱ्या मशीनला माणसाचा हात ओळखता येत नाही?

सध्या 'स्मार्ट फॅक्टरी', 'इंडस्ट्री ५.०', 'एआयवर चालणारा कारखाना' हे शब्द सगळीकडे ऐकू येतात. ते नेमकं काय आहे आणि कारखाना खरोखर स्मार्ट आहे का हे कसं ओळखायचं, हे आज समजून घेऊ. तुमच्यापैकी कुणी आयटीआय किंवा डिप्लोमा करत असेल, कुणाचे बाबा किंवा ताई कंपनीत जात असतील, तर हा विषय थेट तुमच्या घरातला आहे.

स्मार्ट फॅक्टरी म्हणजे काय?

सोपं उदाहरण घ्या. तुमचा फोन दिवसभरात किती पावलं चाललात ते मोजतो. त्याच्या आत अ‍ॅक्सेलरोमीटर नावाची चिप असते, ती हालचाल ओळखते. तसाच सेन्सर कारखान्यातल्या मोटरवर बसवला की तो मोटरची थरथर मोजतो. बेअरिंग खराब व्हायला लागलं की थरथर बदलते. आपल्या कानाला काही वेगळं ऐकू येण्याआधीच सिस्टीम सांगते की हे बेअरिंग बदला. याला प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स म्हणतात, म्हणजे बिघडण्याआधीच दुरुस्ती.

गंमत म्हणजे असे सेन्सर स्वस्त होण्यात आपल्या स्मार्टफोनचा मोठा वाटा आहे. फोनसाठी या चिप इतक्या प्रचंड संख्येने बनल्या, की त्या बाकीच्या कामांनाही परवडू लागल्या.

तर सेन्सर मशीनची माहिती गोळा करतात, ती नेटवर्कवरून कॉम्प्युटरकडे जाते, सॉफ्टवेअर तिचा अर्थ लावतं आणि त्यावरून मशीन किंवा माणूस निर्णय घेतो. स्मार्ट फॅक्टरीचा गाभा एवढाच. रोबोट असलेच पाहिजेत असं काही नाही.

४.० चं ५.० कधी झालं?

'इंडस्ट्री ४.०' हा शब्द २०११ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात पुढे आला. हिशोब असा: वाफेची इंजिनं आली ती पहिली क्रांती, वीज आणि असेंब्ली लाइन ही दुसरी, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर ही तिसरी, आणि मशीन एकमेकांशी इंटरनेटवरून बोलू लागली ती चौथी.

दहा वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये, युरोपियन कमिशनने 'इंडस्ट्री ५.०' वर एक दस्तऐवज काढला. त्यात नवीन मशीन कुठलंच नव्हतं. त्यात म्हटलं होतं की उद्योगाने तीन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. एक, माणूस केंद्रस्थानी हवा. दोन, पर्यावरणाला परवडेल असं उत्पादन हवं. तीन, संकट आलं तरी उद्योग कोलमडू नये. कोव्हिडने मास्कपासून चिपपर्यंत सगळ्याची टंचाई करून दाखवली होती, त्यामुळे तिसरा मुद्दा तेव्हा कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

म्हणजे ४.० चा प्रश्न होता, मशीन काय काय करू शकतं? ५.० चा प्रश्न आहे, ते कुणासाठी करायचं?

मला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. पण आपल्याकडे होतं काय, की नाव नवीन येतं आणि ब्रोशरवरचा आकडा तेवढा बदलतो. म्हणून ब्रोशर बाजूला ठेवून थोडं खोलात जाऊ.

जास्त रोबोट म्हणजे जास्त स्मार्ट?

नाही. आणि हे सांगणारा माणूस दुसरा तिसरा कुणी नसून इलॉन मस्क आहे.

२०१८ मध्ये टेस्ला आपली मॉडेल ३ ही गाडी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या कारखान्यात बनवत होती. मस्कला जवळपास सगळं काम रोबोटकडून करून घ्यायचं होतं. उत्पादन वाढेना. बॅटरीच्या वर काचतंतूंची एक मऊ चटई ठेवायची होती. रोबोटला तो लुसलुशीत तुकडा नीट उचलताच येईना. माणसाच्या हाताला हे काम अगदी सोपं. शेवटी ते मशीन काढून टाकलं. एप्रिल २०१८ मध्ये मस्कने ट्विटरवर मान्य केलं की अति ऑटोमेशन ही चूक होती, आपली स्वतःची चूक, आणि माणसांना आपण कमी लेखतो.

पुढचा भाग अजून मजेशीर आहे. त्या चटईची मुळात गरजच नव्हती, हे नंतर चाचणी घेतल्यावर कळलं. बॅटरीवाल्यांना वाटत होतं ती आवाज कमी करण्यासाठी आहे आणि आवाजवाल्यांना वाटत होतं ती आगीपासून बचावासाठी आहे. हा किस्सा पुढे मस्कनेच एका मुलाखतीत सांगितला. म्हणजे जी गोष्ट लागतच नाही ती बसवण्यासाठी रोबोट! लाइनवर काम करणाऱ्या माणसांना आधीच विचारलं असतं, तर कदाचित हा प्रश्न लवकर पुढे आला असता.

दुसरं उदाहरण आदिदासचं. जर्मनीतल्या आन्सबाख आणि अमेरिकेतल्या अटलांटाजवळ त्यांनी 'स्पीडफॅक्टरी' उभारल्या. रोबोट आणि थ्रीडी प्रिंटिंग वापरून गिऱ्हाइकाच्या जवळच पटकन बूट बनवायचे, अशी कल्पना. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने जाहीर केलं की दोन्ही बंद होणार आणि हे तंत्रज्ञान आशियातल्या पुरवठादारांकडे नेणार, म्हणजे जिथे बूट बनवण्याचं कसब असलेली माणसं आधीपासून होती तिथे.

रोबोट वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. वेल्डिंगच्या धुरात, पेंटच्या वासात, भट्टीसमोर रोबोट उभा राहिला तर चांगलंच आहे. मुद्दा एवढाच, की रोबोटची संख्या मोजून कारखान्याची हुशारी कळत नाही. मी त्याऐवजी तीन प्रश्न विचारतो.

पहिला प्रश्न: मशीनला माणूस दिसतो का?

काकांची प्रेस पायडलवर चालायची. पाय दाबला की क्लच लागतो, रॅम खाली येतो आणि पत्रा कापला जातो. हात कुठे आहे, याच्याशी मशीनला काही घेणंदेणं नाही.

यावर तंत्रज्ञान कधीचं उपलब्ध आहे. त्यातलं सगळ्यात समजायला सोपं म्हणजे लाइट कर्टन, प्रकाशाचा पडदा. मशीनच्या तोंडाशी दोन उभ्या पट्ट्या असतात. एका पट्टीतून इन्फ्रारेड किरण निघतात, दुसरी ते पकडते. मध्ये बोट जरी आलं तरी किरण तुटतो आणि मशीन थांबतं. फोनच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरचा हा धिप्पाड चुलतभाऊ म्हणा ना. फरक असा की फोनचा सेन्सर चुकला तर गालाने कॉल कट होतो, इथे चुकून चालत नाही. म्हणून ही यंत्रणा स्वतःचीच सतत तपासणी करते आणि तिच्यात बिघाड झाला तरी मशीन थांबतंच. साहजिकच ती फोनच्या सेन्सरइतकी स्वस्त नसते. पण बोटांच्या मानाने महागही नाही.

दुसरा उपाय दोन बटणांचा. दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन बटणं दाबली तरच रॅम खाली येतो. हात बटणांवर असले की डायमध्ये असूच शकत नाहीत.

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. जुन्या पद्धतीच्या प्रेसमध्ये एकदा क्लच लागला की रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मध्ये थांबवता येत नाही. अशा मशीनवर नुसता लाइट कर्टन चिकटवून 'सेफ्टी झाली' म्हणणं ही फसवणूक आहे. तिथे हात आत जाणारच नाही अशी जाळी बसवावी लागते, किंवा क्लचच बदलावा लागतो.

हा प्रश्न जुना झाला असं वाटत असेल तर तसं नाही. सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत जखमी झालेल्या कामगारांना मदत करते. 'क्रश्ड' या नावाने २०१९ पासून ती अहवाल काढते. हरियाणातलं गुडगाव-मानेसर आणि फरिदाबाद, आपल्याकडचा पुणे परिसर, सगळीकडे चित्र तेच. हात आणि बोटं चिरडण्याचे हजारो अपघात, आणि त्यात पॉवर प्रेस सगळ्यात पुढे. जखमी होणारे बहुतेक जण तरुण, स्थलांतरित आणि कंत्राटी. हे अपघात मुख्यतः मोठ्या ब्रँडच्या चकाचक प्लांटमध्ये होत नाहीत. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या, मग त्या पुरवठादारांनाही पुरवणाऱ्या छोट्या शेडमध्ये होतात.

एकीकडे गाडीत रडार आणि कॅमेरे बसवून ती रस्त्यावरचा माणूस ओळखते, आपोआप ब्रेक लावते. त्याच गाडीचा एखादा ब्रॅकेट कापणाऱ्या मशीनला समोरचा माणूस दिसत नाही. स्मार्ट हा शब्द अख्ख्या साखळीला लागू व्हायला हवा, शेवटच्या प्लांटच्या फोटोपुरता नको.

चांगलं उदाहरण लांब शोधायला नको. बजाज ऑटोने चाकणच्या प्लांटमध्ये २०१० पासून कोबॉट वापरायला सुरुवात केली. कोबॉट म्हणजे माणसासोबत काम करणारा रोबोट. नेहमीचा औद्योगिक रोबोट पिंजऱ्यात ठेवावा लागतो, कारण त्याच्या वाटेत कोण आलं हे त्याला समजत नाही. कोबॉट हलका असतो, त्याचा जोर मर्यादित असतो आणि कुणाला धक्का लागला की तो थांबतो. बजाजने ते डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सकडून घेतले. पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली.

पण इथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. कोबॉटच्या हातात धारदार टूल दिलं तर कोबॉट सौम्य असून काय उपयोग? आणि कोबॉट आल्यावर हेल्परचं काय झालं, त्याला नवीन काम शिकवलं की काँट्रॅक्टरला सांगून उद्यापासून येऊ नको म्हटलं? माणूस केंद्रस्थानी आहे की नाही, हे या उत्तरावरून कळतं.

दुसरा प्रश्न: लाइन कोण थांबवू शकतं?

इचलकरंजी किंवा भिवंडीत पॉवरलूम पाहिला असेल, तर धागा तुटला की काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. लक्ष नसेल तर मशीन चालूच राहतं आणि कापड खराब होतं. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये असा माग पूर्ण केला, जो धागा तुटला की आपोआप थांबायचा. त्यामुळे एका माणसाला मशीनसमोर डोळे ताणून उभं राहायची गरज उरली नाही, तो अनेक माग सांभाळू लागला.

त्यांच्याच घरातून पुढे टोयोटा कंपनी झाली आणि हा विचार गाड्यांच्या कारखान्यात आला. त्याला जिदोका म्हणतात. जपानीत ऑटोमेशनसाठी जो शब्द आहे, त्यातल्या एका अक्षरात टोयोटावाल्यांनी मुद्दाम 'माणूस' हे चिन्ह जोडलं. उच्चार तोच राहिला आणि अर्थ झाला, माणसाचं डोकं असलेलं ऑटोमेशन.

टोयोटाच्या लाइनवर डोक्यावरून एक दोरी जाते. काही चुकतंय असं वाटलं की साधा कामगारसुद्धा ती ओढू शकतो. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. या पद्धतीला अँडॉन म्हणतात. दोरी ओढली म्हणून कुणी ओरडत नाही. उलट, चूक पुढे जाऊ देणं हा दोष मानला जातो.

आता आपल्याकडच्या एखाद्या शेडमध्ये हे करून पाहा. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण बऱ्याच मशीनवर असतं. पण ते दाबल्यावर सुपरवायझर आधी काय विचारतो? "काय झालं?" की "कुणी थांबवलं?" सेन्सर कितीही बसवा, दुसरा प्रश्न आधी येत असेल तर कामगार ते बटण दाबणार नाही. अडकलेला तुकडा तो चालू मशीनमध्येच हात घालून काढेल. काकांनी तेच केलं होतं.

तिसरा प्रश्न: डेटा कुणाकडे जातो?

तुम्ही नवीन अ‍ॅप टाकता तेव्हा ते विचारतं, लोकेशन देऊ का, कॅमेरा वापरू का? आपण न वाचता 'अलाऊ' करतो हा भाग वेगळा, पण विचारलं तरी जातं. कारखान्यात काय होतं?

समजा मशीनवर सेन्सर बसवला. त्या सेन्सरला मशीन किती वेळ चाललं ते कळतं. म्हणजेच ऑपरेटर किती वेळ जागेवर नव्हता तेही कळतं. हा एकच डेटा दोन प्रकारे वापरता येतो. पहिला प्रकार: प्रत्येक शिफ्टमध्ये तिसऱ्या तासाला मशीन थांबतं, कारण कच्चा माल वेळेवर येत नाही. स्टोअरचं वेळापत्रक बदला. दुसरा प्रकार: अमुक ऑपरेटर बाथरूमला जास्त वेळ जातो. त्याला नोटीस द्या.

सेन्सर एकच, कारखाने दोन.

फ्रान्समध्ये यावर मोठा निर्णय झाला. तिथल्या डेटा संरक्षण संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये अ‍ॅमेझॉनच्या गोदामं चालवणाऱ्या कंपनीला ३.२ कोटी युरोचा दंड जाहीर केला. कामगारांच्या हातातला स्कॅनर दहा मिनिटं किंवा जास्त वेळ शांत राहिला तरी नोंद व्हायची. आणि दोन वस्तू सव्वा सेकंदाच्या आत स्कॅन केल्या तर 'घाई केली' म्हणून वेगळी नोंद. म्हणजे हळू केलं तरी दिसणार, जोरात केलं तरी दिसणार. संस्थेने या देखरेखीला अतिरेकी म्हटलं. अ‍ॅमेझॉनने हा निष्कर्ष मान्य केला नाही. हे गोदाम होतं, कारखाना नव्हे, पण तसाच स्कॅनर आणि तसंच सॉफ्टवेअर आज असेंब्ली लाइनवरही असतं.

आपल्याकडे डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. पण या कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याचा डेटा त्याच्या संमतीशिवाय वापरायची मुभा आहे. म्हणजे फोनवर जे 'अलाऊ' बटण तुम्हाला मिळतं, ते कंपनीच्या गेटच्या आत मिळेलच असं नाही. ही माहिती कामावर लागण्याआधी असलेली बरी.

आणि पर्यावरण?

'सस्टेनेबल' म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर छतावरचं सोलर येतं. ते चांगलंच आहे. पण कारखान्यात सगळ्यात आधी पाहावी अशी एक गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ऐकू येते.

कुठल्याही शॉप फ्लोअरवर जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद झाली की शांत उभे राहा. कुठून तरी 'स्सस' असा आवाज येत असतो. कॉम्प्रेस्ड एअरच्या पाइपातून हवा गळत असते. ही हवा बनवायला कॉम्प्रेसर वीज खातो, आणि देखभाल नसलेल्या ठिकाणी त्याने बनवलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के नुसती गळून जाऊ शकते. ही गळती शोधणारे अल्ट्रासॉनिक सेन्सर मिळतात. पण जो हेल्पर रोज तिथे उभा असतो, त्याला कुठला जॉइंट गळतो हे पाठ असतं. त्याला कुणी विचारत नाही, आणि त्याने सांगितलं तर कुठे नोंदवायचं ते ठरलेलं नसतं.

दुसरी गोष्ट पंखे आणि पंप. त्यांचा वेग कमी केला की लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. वेग ८० टक्के केला, तर ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे साधारण ५१ टक्के वीज. वेगात पाचव्या हिश्शाची कपात आणि विजेत जवळपास निम्मी बचत! यासाठी व्हीएफडी नावाचा ड्राइव्ह बसवतात, जो मोटरचा वेग गरजेप्रमाणे बदलतो. इन्व्हर्टर एसी तुमच्या घरी असेल तर त्यामागचं तत्त्व हेच.

तिसरी गोष्ट रिजेक्शन. एक टन पोलाद बनवताना जगाच्या सरासरीने जवळपास दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जो पार्ट चुकीचा कापला जाऊन भंगारात पडतो, त्यामागचा हा कार्बन परत येत नाही. भंगार पुन्हा वितळवायचं तर पुन्हा ऊर्जा. त्यामुळे पहिल्याच वेळी पार्ट बरोबर बनणं ही सगळ्यात मोठी पर्यावरणाची कामगिरी आहे.

आणि आता हा फक्त चांगुलपणाचा विषय राहिलेला नाही. युरोपचा सीबॅम, म्हणजे सीमेवरचा कार्बन कर, १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष लागू झाला आहे. लोखंड, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम त्यात येतात, आणि पोलादाचे नटबोल्टसुद्धा येतात. युरोपला बोल्ट पाठवणाऱ्या आपल्याकडच्या कारखान्याला आता आपल्या मालामागे किती कार्बन आहे याचा हिशोब द्यावा लागतो. सेन्सर नसेल तर आकडा कुठून आणणार? इथे स्मार्ट फॅक्टरीचा खरा उपयोग आहे.

बारा तासांनंतरचा माणूस

आता या सगळ्याला जोडणारा मुद्दा. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली कामाच्या तासांची दैनंदिन मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तास. ओव्हरटाइमसाठी कामगाराची लेखी संमती लागेल असंही त्यात आहे. सरकारचं म्हणणं असं की यामुळे गुंतवणूक आणि रोजगार वाढेल. कामगार संघटनांनी विरोध केला. पुढे २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यात सामावले गेले.

ओटीचे पैसे अनेक घरांना हवे असतात, हे मी नाकारत नाही. आमच्या घरातही ओटीच्या पैशांवर फी भरली गेली आहे. लेखी संमतीचा कागद मात्र मला थोडा हसवतो. ज्याची नोकरी काँट्रॅक्टरच्या एका फोनवर अवलंबून आहे, तो 'मला जमणार नाही' असं लिहून देईल का?

पण तांत्रिक बाजूनेही बघा. कंपनी लाखो रुपये खर्चून मोटरवर सेन्सर बसवते, का? तर मोटर तापली, थकली, तर आधीच कळावं. मोटरच्या थकव्याचा ग्राफ आपल्याकडे आहे. अकराव्या तासाला डायमध्ये हात घालणाऱ्या माणसाच्या थकव्याचा ग्राफ कुठे आहे? दमलेल्या हाताने रिजेक्शन वाढतं, म्हणजे पोलाद वाया जातं. दमलेल्या हाताने अपघात होतो, म्हणजे माणूस वाया जातो. माणूस आणि पर्यावरण हे इंडस्ट्री ५.० चे दोन वेगळे खांब कागदावर असतील, शॉप फ्लोअरवर ते एकाच हातात असतात.

पहिल्या नोकरीला निघालात तर

माझ्या ओळखीची बरीच मुलं दरवर्षी चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर इथे अप्रेंटिस म्हणून लागतात. त्यांना मी सांगतो ते तुम्हालाही सांगतो.

– पहिल्या दिवशी मशीन दाखवतील तेव्हा विचारा: हात आत असताना हे मशीन चालू होऊ शकतं का? उत्तर 'सांभाळून काम कर' असं आलं तर समजून जा.
– लाइट कर्टन किंवा दोन बटणांची यंत्रणा असेल तर ती चालू आहे ना, बघा. टार्गेटसाठी एक बटण टेप लावून कायमचं दाबून ठेवलेलं असतं. तो जुगाड करू नका आणि सहन करू नका. मोबाइलमध्ये फोटो काढण्याआधी मात्र कंपनीत परवानगी आहे का ते पाहा.
– ईएसआयसीमध्ये नाव नोंदवलंय का आणि कार्ड मिळालंय का, ते पहिल्याच आठवड्यात पाहा. अपघात झाल्यावर घाईघाईने नोंदणी होते, ही तक्रार 'क्रश्ड' अहवालांतही आहे.
– नेमणूक पत्र मागा. नव्या संहितांनुसार ते प्रत्येक कामगाराला द्यायचं आहे, कंत्राटी असला तरी.
– स्क्रीनवर तुमच्या मशीनचा डेटा दिसत असेल तर तो वाचायला शिका. बेअरिंगचा ग्राफ, रिजेक्शनचं कारण, विजेचा वापर. उद्या मशीन बदलेल, पण डेटा वाचून कारण सांगणारा माणूस लागेलच. नुसतं बटण दाबणाऱ्याची जागा आधी जाते.

कारखानदारांची बाजूही आहे. छोट्या शेडच्या मालकाला वरची कंपनी पैशा-पैशाने दर कमी करायला लावते, बिल महिनोन्महिने रखडतं, मग तो सेन्सर कशातून बसवणार? म्हणून माझ्या मते जबाबदारी वरून खाली यायला हवी. मोठी कंपनी पुरवठादाराकडे पार्टची क्वालिटी तपासायला माणूस पाठवते. त्याच माणसाने तो पार्ट कापणारी प्रेसही तपासावी. पार्ट मायक्रॉनमध्ये मोजता येतो, तर हात शाबूत आहेत का हे मोजणं अवघड नाही.

काका आता कंपनीत जात नाहीत, घराजवळ छोटं दुकान चालवतात. फोन डाव्या अंगठ्याने उघडतात. परवा त्यांनी फोन केला आणि सांगितलं, शेजारचा मुलगा त्याच पट्ट्यातल्या एका प्रेस शॉपमध्ये लागला. "मी त्याला एवढंच विचारलं, मशीनला ते प्रकाशाचं काही आहे का? तो म्हणाला, माहीत नाही. मग म्हटलं, उद्या बघून ये आणि मला सांग."

मुलाने बघून येऊन काय सांगितलं, ते अजून काकांनी कळवलेलं नाही. मी रोज विचारतोय.